तारकर्लीच्या वाळूत चिलखती गाडी उतरवणं एवढं अवघड का असतं?

४ डिसेंबर २०२३. तारकर्लीच्या किनाऱ्यावर तोबा गर्दी. समोर समुद्रात युद्धनौका उभ्या, डोक्यावरून मिग-२९के घोंगावत जातायत आणि प्रत्येकाचा मोबाईल हवेत. नौदल दिनाची प्रात्यक्षिकं पहिल्यांदाच एखाद्या मोठ्या नौदल तळाऐवजी सिंधुदुर्गात होत होती. २० युद्धनौका, ४० विमानं आणि हेलिकॉप्टर्स, पाहुणे म्हणून पंतप्रधान. त्या दिवशीचे रील्स आजही फिरत असतात.

त्यातला एक प्रसंग मात्र अनेकांनी नुसता "भारी" म्हणून पाहिला आणि पुढे सरकवला. नौदलाचे मरीन कमांडो, म्हणजे मार्कोस, यांनी किनाऱ्याची टेहळणी करून त्यावर हल्ला कसा करतात ते दाखवलं. हल्ला समजला. पण टेहळणी कशाची? वाळूच तर आहे. पर्यटक दिवसभर तिथे फोटो काढतात, त्यात शोधायचं काय?

तर सगळी गोम तिथेच आहे.

चार-सहा कमांडो रबरी बोटीतून येऊ शकतात. पण किनारा ताब्यात घ्यायचा आणि टिकवायचा तर शेकडो सैनिक लागतात, तोफा लागतात, गोळ्या झेलू शकणाऱ्या गाड्या लागतात. आणि समुद्रातून जमिनीवर येतानाचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर हा कुठल्याही सैन्याचा सगळ्यात वाईट काळ असतो. लपायला जागा नाही, पळायला जागा नाही, पायाखाली जमीन नाही. या शेवटच्या पट्ट्यासाठी जगातल्या सैन्यांनी एक विचित्र यंत्र बनवलं: जहाजातून पाण्यात उतरणारी, पोहत किनाऱ्यावर येणारी आणि तशीच न थांबता जमिनीवर धावू लागणारी चिलखती गाडी.

मालवणच्या खडकांचा धडा

गाडीकडे येण्याआधी मालवणचा समुद्र बघू.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं. हीच जागा का? एक मोठं कारण म्हणजे बेटाभोवतीचे पाण्याखालचे खडक. वाट माहीत नसलेलं मोठं जहाज सरळ किल्ल्यावर चालून येऊ शकत नाही. आजही मालवण जेटीवरून किल्ल्यावर जाणारी होडी सरळ रेषेत जात नाही, खडक चुकवत वळसे घेत जाते. तांडेलाला वाट पाठ असते म्हणून आपल्याला ते जाणवत नाही, एवढंच.

याच मालवणातून फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराजांचं आरमार निघालं आणि थेट कर्नाटकातल्या बसरूर बंदरावर जाऊन धडकलं. ८५ लहान आणि ३ मोठी जहाजं होती, असं सांगितलं जातं. समुद्रातून सैन्य नेऊन परक्या किनाऱ्यावर उतरवायचं, काम उरकायचं आणि परत यायचं. आजच्या लष्करी भाषेत ज्याला उभयचर मोहीम म्हणतात ती हीच. मराठ्यांची गलबतं उथळ पाण्यात चालणारी होती, त्यामुळे मोठ्या जहाजांना बाहेर थांबावं लागायचं तिथे ती आत शिरायची.

म्हणजे प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी होता तोच आहे. मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. मग माणसं आणि सामान आत न्यायचं कशातून?

१४ टनांचं लोखंड तरंगतं कसं?

भारतीय सैन्याकडे यासाठीची मुख्य गाडी आहे बीएमपी-२. मूळ सोव्हिएत डिझाईन, आपल्याकडे तेलंगणातल्या मेदकच्या कारखान्यात तयार होते आणि तिचं भारतीय नाव 'सारथ'. वजन साधारण १४ टन. ३ जणांचे चालक पथक, मागे ७ सैनिक, वर ३० मिमीची तोफ. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तुम्ही ती पाहिली असेल.

१४ टन पाण्यात टाकल्यावर बुडायलाच हवेत ना?

नाही. पैसा पाण्यात बुडतो, पण तांब्याचा रिकामा हंडा तरंगतो. वजन किती यापेक्षा त्या वजनाने किती पाणी बाजूला सारलं हे महत्त्वाचं. १४ टनांच्या गाडीला तरंगायचं तर तिच्या पाण्याखालच्या भागाने साधारण १४ हजार लिटर पाण्याची जागा घ्यायला हवी. उन्हाळ्यात गावात येणारा मोठा टँकर १० हजार लिटरचा असतो, म्हणजे जवळपास दीड टँकर. त्यासाठी गाडी आतून पोकळ, रुंद आणि सगळीकडून पाणीबंद बनवावी लागते.

इथेच पहिला पेच येतो. चिलखत जाड केलं की वजन वाढतं, वजन वाढलं की गाडी खाली बसते. त्यामुळे पोहणाऱ्या गाडीचं चिलखत मशीनगनच्या गोळ्या आणि तोफगोळ्यांचे छर्रे थोपवतं, पण रणगाड्याचा गोळा नाही. तरंगायचं की वाचायचं, यातला हा सौदा असतो आणि आजपर्यंत कुणालाही तो पूर्ण फुकटात मिळालेला नाही.

पाण्यात उतरण्याआधी बीएमपीचे चालक पथक तीन कामं करतं. पुढच्या तोंडावरचा पत्रा उभा करायचा, म्हणजे समोरची लाट गाडीवर चढत नाही. आत शिरणारं पाणी बाहेर फेकणारे पंप चालू करायचे. आणि इंजिनाला हवा देणारी नळी वर काढायची. पाणी थोडंफार आत येतंच, ते गृहीत धरलेलं असतं. पंप बंद पडला तर काय होतं, ते पुढे येईल.

बीएमपीला पंखा नसतो. तिचे जमिनीवर चालणारे पट्टेच पाण्यात वल्ह्यासारखे फिरतात आणि गाडी पुढे सरकते. वेग ताशी ७ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या झपाझप चालण्याएवढा. जहाज ४ किलोमीटरवर थांबलं तर अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाण्यात. आतला सैनिक अंधाऱ्या, तापलेल्या, डिझेलच्या वासाने भरलेल्या डब्यात बसलेला असतो आणि डबा डोलत असतो. मालवणहून मुरुड-जंजिऱ्यापर्यंत कुठल्याही जेटीवर बोट लागून उलट्या करणारे पर्यटक पाहिलेत ना? इथे त्या अवस्थेतून बाहेर पडून लगेच लढायचं असतं.

आणखी एक अडचण. बीएमपी मुळात युरोपातल्या नद्या ओलांडण्यासाठी बनवलेली आहे. फुटणाऱ्या लाटा हा तिचा प्रांत नाही. नदीचं शांत पाणी वेगळं आणि किनाऱ्यावर आपटणारी लाट वेगळी. नारळी पौर्णिमेआधी आपल्याकडे लहान होड्या समुद्रात घालत नाहीत, तसल्या पाण्यात ही गाडी उतरवणं म्हणजे आतल्या माणसांचा जीव टांगणीला लावणं.

भांगाच्या भरतीने घेतलेला बळी

अशा गाड्यांचा जन्म युद्धासाठी झालाच नव्हता. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या फ्लोरिडात वादळं आली की दलदलीत माणसं अडकायची. बोट चिखलात रुतायची, मोटार पाण्यात. डोनाल्ड रोबलिंग नावाच्या श्रीमंत माणसाने लोकांना वाचवण्यासाठी दोन्हीकडे चालणारी पट्ट्यांची गाडी बनवली आणि नाव ठेवलं 'अॅलिगेटर', म्हणजे मगर. १९३७ मध्ये 'लाइफ' मासिकात तिच्यावर लेख आला, तो अमेरिकन मरीन कोरच्या नजरेत भरला आणि मगर सैन्यात भरती झाली.

तिची किंमत जगाला कळली २० नोव्हेंबर १९४३ रोजी. पॅसिफिकमधल्या तारावा प्रवाळबेटांवर जपानी सैन्य होतं. अमेरिकन सैनिक लाकडी बोटींतून निघाले. बेटाभोवती प्रवाळाचा कडा होता आणि बोटीला साधारण ४ फूट पाणी हवं होतं. त्या दिवशी भांगाची भरती होती. कोकणातल्या वाचकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, पाणी खूप चढतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. तारावात पाणी कड्यावर ३ फुटांच्या आसपासच राहिलं. बोटी अडकल्या. सैनिकांना शेकडो मीटर कमरेएवढ्या-छातीएवढ्या पाण्यातून, समोरून मशीनगन चालू असताना, चालत जावं लागलं. पट्ट्यांच्या गाड्या मात्र कडा चढून पलीकडे उतरल्या. पण त्या होत्या सव्वाशे. तीन दिवसांत अमेरिकेची हजारच्या आसपास माणसं गेली.

प्रवाळ, खडक, अचानक उथळ होणारं पाणी. मालवणच्या समुद्राचं वर्णन वाटतं की नाही?

दुसरं उदाहरण ६ जून १९४४, नॉर्मंडी. तिथे साध्या रणगाड्यांना भोवती कापडी झालर लावून तरंगवण्याचा प्रयोग झाला. ओमाहा किनाऱ्यासमोर एका अमेरिकन तुकडीने असे २९ रणगाडे सुमारे ५ किलोमीटरवर, खवळलेल्या पाण्यात सोडले. २७ बुडाले. हे तंत्र सरावात शांत पाण्यावर चाललं होतं.

याच मोहिमेतली एक गोष्ट मोबाईलवाल्या पिढीला आवडेल. १९४२ मध्ये बीबीसीवरून ब्रिटिश लोकांना आवाहन केलं गेलं: सुट्टीत युरोपच्या किनाऱ्यांवर काढलेले फोटो आणि पोस्टकार्डं पाठवा. लाखो फोटो आले. त्यांतून किनाऱ्याचा उतार, दगड, भिंती, रस्ते यांचा अंदाज बांधला गेला. तरी समाधान झालं नाही म्हणून नंतर रात्रीच्या अंधारात पोहत जाऊन वाळूचे नमुने आणले, कारण रणगाडा त्या वाळूत रुतेल का हे फोटोत दिसत नाही. तारकर्लीत मार्कोसनी दाखवलेल्या टेहळणीचं मूळ हे.

आपल्याकडे काय झालं होतं

भारताची या विषयातली आठवण फारशी गोड नाही.

१८ डिसेंबर १९६१, गोवा मुक्तीची मोहीम. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर पोर्तुगीज सैनिक होते. आयएनएस त्रिशूल आणि आयएनएस म्हैसूर यांच्यावरच्या नौसैनिकांना साध्या उघड्या बोटींतून बेटावर उतरवलं गेलं. चिलखत वगैरे काही नाही. समोरून गोळीबार झाला आणि ७ जण शहीद झाले. बेट ताब्यात आलं, पण गोव्याच्या मोहिमेत नौदलाला सगळ्यात मोठी किंमत या छोट्याशा बेटावर मोजावी लागली.

दहा वर्षांनी, डिसेंबर १९७१. पाकिस्तानी सैन्याने ब्रह्मदेशात पळू नये म्हणून कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं ठरलं. 'ऑपरेशन बीव्हर'. आयएनएस घडियाल आणि आयएनएस गुलदार ही तोंड उघडून थेट वाळूत टेकणारी जहाजं होती. जहाज वाळूत टेकलंही, पण ती वाळू किनाऱ्याची नव्हती, किनाऱ्याअलीकडच्या बुडालेल्या दांड्याची होती. पुढे परत खोल पाणी. पाठीवर पूर्ण सामान घेतलेले गोरखा सैनिक त्या पाण्यात उतरले आणि काही जण बुडून गेले. शत्रूने एक गोळीही झाडली नव्हती.

देवबागला करली नदी समुद्राला मिळते तिथे असेच वाळूचे दांडे आहेत. पर्यटक ज्याला 'त्सुनामी आयलंड' म्हणून ओळखतात तो त्यातलाच एक. भरतीला बुडतो, ओहोटीला वर येतो. रापण ओढणाऱ्या मच्छीमाराला कुठे पाय टेकतो आणि कुठे अचानक गळ्यापर्यंत पाणी येतं हे पावलागणिक ठाऊक असतं. बाहेरून आलेल्या कप्तानाला ते मोजून घ्यावं लागतं. वाळू दर पावसाळ्यात सरकते, त्यामुळे मागच्या वर्षीचं मोजमाप यंदा उपयोगाचं नसतं.

समुद्र नसलेल्या जिल्ह्याचा वाटा

आता एक गंमत. या गाड्यांचं महाराष्ट्रातलं माहेर कोकणात नाही, अहिल्यानगरमध्ये आहे.

बीएमपीवर लढणाऱ्या मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचं केंद्र तिथे. रणगाड्यांचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल तिथे. आणि डीआरडीओची वाहनं बनवणारी प्रयोगशाळा, व्हीआरडीई, तीही तिथेच. या प्रयोगशाळेने टाटांच्या सोबतीने आठ चाकांची 'व्हॅप' ही चिलखती गाडी विकसित केली. २०१४ मध्ये ती पहिल्यांदा प्रदर्शनात दिसली. पाण्यात ती पट्ट्यांवर अवलंबून नाही, मागच्या बाजूने पाण्याचा झोत फेकून पुढे जाते. तिच्यावरून तयार झालेल्या सैनिकवाहू गाड्या एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात, तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या हस्ते सैन्यात दाखल झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तर मोरोक्कोत टाटांच्या कारखान्याचं उद्‌घाटन झालं, तिथल्या सैन्यासाठी हीच गाडी बनवायला. दुष्काळी पट्ट्यात डिझाईन झालेली पोहणारी गाडी आफ्रिकेत तयार होते, ही बातमी आपल्याकडे जेवढी गाजायला हवी होती तेवढी गाजली नाही.

त्याच्याही आधीचा धागा खडकवासल्याला सापडतो. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर उतरण्याचं प्रशिक्षण खडकवासल्याच्या तलावात दिलं जायचं. त्यासाठी काठावर 'एचएमएस अँगोस्टुरा' नावाचं जहाजाचं खोटं मॉडेल उभारलं होतं. पुढे याच जागेवर एनडीए आली.

मग भारत आज हे करतो कसं?

थोडक्यात: गाडीला कमीत कमी पोहायला लावून.

नौदलाकडे आयएनएस जलाश्व आहे. हे १९७१ चं अमेरिकन जहाज, 'यूएसएस ट्रेंटन', भारताने २००७ मध्ये घेतलं. याच्या पोटात मागच्या बाजूला हौद आहे. जहाज स्वतःच्या टाक्यांमध्ये पाणी भरून मागून खाली बसतं, समुद्राचं पाणी हौदात शिरतं आणि आतल्या बोटी सैनिक-गाड्या घेऊन तरंगत बाहेर पडतात. साधारण हजार सैनिक मावतात. करोनाकाळात, मे २०२० मध्ये, मालदीवमध्ये अडकलेल्या ६९८ भारतीयांना कोचीला आणलं ते याच जहाजाने.

त्याशिवाय कोलकात्याच्या जीआरएसई गोदीत बनलेल्या ८ छोट्या उतरण-नौका आहेत, ज्या रणगाडेसुद्धा वाळूपर्यंत नेतात. बोट वाळूला टेकते, तोंडाचा दरवाजा उतार होऊन खाली पडतो आणि गाडी गुडघाभर पाण्यातून बाहेर. या कामासाठी तयार केलेली सैन्याची ९१ इन्फंट्री ब्रिगेड तिरुवनंतपुरमला असते. आंध्रातलं काकीनाडा आणि अंदमान इथे सराव होतात, काही वेळा अमेरिकन सैन्यासोबत.

अमेरिकेने शिकवलेला महागडा धडा

ज्यांनी हे यंत्र जगाला दिलं त्यांनाही ते पूर्ण जमलेलं नाही, हे सांगणं गरजेचं आहे.

अमेरिकन मरीन १९७० च्या दशकापासून एएव्ही ही गाडी वापरत होते. पाण्यातला वेग ताशी १३ किलोमीटर. अधिक वेगवान गाडी हवी म्हणून लाटांवरून स्पीडबोटीसारखी पळणारी नवी गाडी बनवायला घेतली. सुमारे ३ अब्ज डॉलर खर्च झाले आणि २०११ मध्ये प्रकल्प गुंडाळला. जुन्याच गाड्या चालू राहिल्या.

३० जुलै २०२०. कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन क्लेमेंटे बेटावरून जहाजाकडे परतणाऱ्या अशा एका गाडीत पाणी शिरायला लागलं. आत १६ जण. पाणी बराच वेळ वाढत होतं, पण माणसांना बाहेर काढायला उशीर झाला, जवळ सुरक्षा बोट नव्हती, पाणी उपसण्याची यंत्रणा पुरी पडली नाही. गाडी १०० मीटरहून खोल गेली. ९ जण मरण पावले, सगळे तरुण. चौकशीत निघालं की गाडीची देखभाल नीट नव्हती आणि बुडत्या गाडीतून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण काहींना पूर्ण मिळालंच नव्हतं. युद्ध नाही, शत्रू नाही, सराव होता. पुढच्या वर्षी अमेरिकेने या गाड्यांना नेहमीच्या कामासाठी पाण्यात उतरायला बंदी केली. त्यांच्या जागी आलेल्या नव्या आठचाकी गाड्याही २०२२ मध्ये लाटांमध्ये अडकल्या, एक उलटली, आणि लाटांतला सराव थांबवावा लागला.

इथे एक गल्लत टाळायला हवी. जून २०२४ मध्ये लडाखच्या श्योक नदीत सराव करताना पाणी अचानक वाढून टी-७२ रणगाडा अडकला आणि ५ जवान शहीद झाले. तेव्हा सोशल मीडियावर "पोहणारा रणगाडा बुडाला" अशा पोस्ट फिरल्या. टी-७२ पोहत नाही. त्याचं वजन ४० टनांहून जास्त. तो नदीच्या तळावरून चालत जातो. बीएमपी तरंगते. पाणी वाढलं तर दोघांचा धोका वेगळा असतो.

पुढे काय?

जलाश्व आता पन्नाशी ओलांडलेलं जहाज आहे. त्याच्यासारखी चार नवी जहाजं घ्यायची निविदा २०१३ मध्ये निघाली होती, ती २०२० मध्ये रद्द झाली, २०२१ मध्ये पुन्हा पहिल्यापासून विचारणा सुरू झाली. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा जहाजांना प्राथमिक मंजुरी दिली. प्राथमिक मंजुरी म्हणजे खरेदी नव्हे. त्यानंतर निविदा, करार, बांधणी, चाचण्या असं सगळं उरतं.

आणि जहाज आलं तरी त्याच्या पोटातून बाहेर काय पडणार हा वेगळा प्रश्न आहे. बीएमपीची जागा घेणाऱ्या १,७५० नव्या गाड्यांसाठी सैन्याने २०२१ मध्ये कंपन्यांकडे विचारणा केली होती. त्या पाण्यात चालणाऱ्या हव्यात अशी अटही आहे. पण चालायचं कुठल्या पाण्यात, पंजाबच्या कालव्यात, लडाखच्या तलावात की मालवणसारख्या फुटत्या लाटांत, यावर गाडीचा आकार, वजन आणि आत बसणाऱ्या सैनिकाच्या वाचण्याची शक्यता ठरते. पंजाबचा कालवा आणि मालवणची लाट दोन्ही पार करणारी एकच गाडी अजून कुणालाच नीट बनवता आलेली नाही. तोवर आठ-दहा माणसं आत बसवून दार लावण्याआधी पाण्याची खोली, वाळूचा दांडा आणि तिथी बघण्याचं काम, तारकर्लीत गर्दीने टाळ्या वाजवल्या त्या रबरी बोटीतल्या माणसांकडेच राहील.